पाठीमागे चाललेली फायनल

लुंबिनीचा फोन आला तेव्हा आनंदराज सोनकांबळे आपल्या क्रूझरखाली उताणा पडून सायलेन्सरचा ढिला नट आवळत होता. मुखेडच्या बसस्टँडमागची मोकळी जागा, सकाळचे साडेअकरा. तेलकट हातानंच त्यानं फोन कानाला लावला आणि पलीकडून पोरगी इतक्या जोरात ओरडली, की त्याचं कपाळ गाडीच्या पट्टीला आपटलं.

"पप्पा, सेमी जिंकलो! आज फायनल हाय! साडेचारला!"

"कोणासंगं?"

"धाराशिव!"

आनंदराज कपाळ चोळत बाहेर सरकला. धाराशिव म्हणजे काय, हे त्याला सांगायची गरज नव्हती. खोखोतली माणसं त्या पोरींचं नाव जरा हळूच घ्यायची. आणि नांदेडच्या पोरी राज्य स्पर्धेच्या फायनलला गेल्याचं लुंबिनीच्या सरांनाही आठवत नव्हतं.

"यूट्यूबवर लाईव्ह दाखवणार हाईत," लुंबिनी म्हणाली. "सर लिंक टाकतेत. बघताल ना पप्पा? या टायमाला तरी?"

"बघतो की. काहून न्हाई बघणार?"

फोन ठेवला आणि मग त्याला दुपारचं भाडं आठवलं.

लुंबिनी चार वर्षं खेळत होती आणि आनंदराजनं तिचा एकही सामना पाहिलेला नव्हता. सामने नेमके रविवारी, सुट्टीच्या दिवशी. लग्नं, जत्रा, साखरपुडे, सगळी भाडीही त्याच दिवशी. पहाटे तिला बसला सोडायचं आणि आपण स्टिअरिंगवर बसायचं, एवढंच त्याच्या वाट्याला आलं होतं. खेळ मात्र त्याला पाठ होता. शाळेच्या मैदानावर उजाडताना तो, त्याची बायको पंचफुला आणि शेजारची दोन पोरं ओळीनं बसायची, आणि लुंबिनी त्यांच्यामधून सापासारखी निसटत पळायची. ती डावीकडं झुकली की उजवीकडं जाणार, खांबाला हात लावून क्षणभर थबकली की समोरची फसणार, हे त्याला डोळे मिटूनही कळायचं. फक्त समोर खरी विरोधी पोरगी असताना ती कशी पळते, ते त्याला माहीत नव्हतं.

दुपारचं भाडं होतं लातूरचं. मुखेडजवळच्या गावातला बायकांचा बचत गट तिथल्या प्रदर्शनात कारळाची चटणी, जवसाची चटणी, पापड आणि ज्वारीच्या पिठाची बिस्किटं विकणार होता. गटाच्या अध्यक्ष तारामतीताई. दहा बाया, सहा पोती, चौदा डबे. आनंदराजनं त्यांना फोन लावला आणि तासभर उशिरा निघता येईल का, असं विचारून पाहिलं.

"दादा, सव्वासहाला स्टॉलच्या चिठ्ठ्या काढणार हाईत," तारामतीताई म्हणाल्या. "हजर न्हाई त्याचं नाव कटाप. दीड महिना खपलोय आम्ही त्या डब्यांसाठी."

"वाटेत अर्धा घंटा कुठं थांबलो तर?"

"काहून, काय झालं?"

त्यानं सांगितलं. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमच्या गाडीत टीव्ही हाय की. तो लावा."

आनंदराज हसला, पण ते हसणं काही खरं नव्हतं. गाडीत टीव्ही होता. पण आता तो त्याच्या पाठीमागं होता.

तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत तो पडदा डॅशबोर्डवर बसवलेला होता. लातूरच्या शिवमूर्तीनं बसवून दिलेला. त्या सेटला एक वायर असते, ती हँडब्रेकला जोडायची, म्हणजे गाडी उभी असेल तेव्हाच चित्र दिसतं. "ती वायर मी बॉडीला लावून टाकतो," शिवमूर्ती म्हणाला होता. "मंग सेटला वाटतं गाडी कायम उभीच हाय." तेव्हापासून आनंदराज मुखेड-लातूर वाटेवर सिनेमे बघत गाडी हाकायचा. फार नाही, मधूनमधून, असं त्याचं स्वतःचं म्हणणं.

शिरूर ताजबंदच्या अलीकडं आरटीओच्या वायुवेग पथकानं त्याला थांबवलं. निरीक्षक होत्या वर्षाराणी बिडवे मॅडम. बारीक अंगाच्या, आवाज न चढवता बोलणाऱ्या. त्यांनी त्याला खाली उतरवलं आणि विचारलं, "पडद्यावर आत्ता काय चाललं होतं?"

"मारामारी, मॅडम."

"हिरोच्या अंगात शर्ट कोणता?"

"काळा."

"आणि माझ्या हातात काय होतं?"

मॅडमनी पाठीमागं धरलेला हात पुढं केला. त्यात हातभर लांबीची लाल कापडाची झेंडी होती. "दोनशे मीटरवरून हलवत होते. तुम्ही मला पाहिलंत ते अगदी इथं येऊन."

दंड झाला. मॅडमनी नियमही नीट समजावला. नकाशा चालेल, मागचा कॅमेरा चालेल, पण चालत्या गाडीत चालकाला दिसेल असा व्हिडिओ चालणार नाही. मागं बसलेल्यांनी खुशाल बघावा. आनंदराजला दंडापेक्षा त्या झेंडीचीच जास्त लाज वाटली. ही गोष्ट त्यानं पंचफुलालासुद्धा सांगितली नाही. दुसऱ्याच दिवशी शिवमूर्तीकडं जाऊन त्यानं पडदा काढवला आणि आपल्या सीटच्या पाठीमागं, छताच्या आडव्या पट्टीला, तोंड मागच्या सीटांकडं करून बसवला. ती हँडब्रेकची वायर आता कशालाच लागत नव्हती.

पावणेचारला गाडी निघाली. तारामतीताई पुढं, त्याच्या शेजारी. मधल्या सीटवर पडद्याच्या अगदी समोर महादेवीमावशी, देगलूरकडच्या, साठीच्या, बोलता बोलता मधूनच कानडी शब्द पेरणाऱ्या. त्यांच्या बाजूला उमादेवी, गटात सगळ्यात लहान, हिशोब आणि मोबाईल दोन्हीत तयार. मागं बाकीच्या बाया आणि डब्यांची चवड. गाडीत कारळाचा खमंग वास भरून राहिला होता.

निघायच्या आधीच उमादेवीनं आनंदराजच्या मोबाईलवरून पडद्याला नेट जोडून दिलं होतं. जांब मागं पडलं, बाजूनं उसाचे फड सुरू झाले, आणि पाचला वीस कमी असताना मागून एकदम गलका ऐकू आला.

"लागलं! लागलं दादा!" उमादेवी ओरडली.

आनंदराजचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. कानावर शिट्टी आली. लोकांचा आरडाओरडा आला. पण समालोचन काही येईना. कुणीतरी मैदानाच्या कडेला मोबाईल उभा करून नुसतं चित्र सोडलं होतं.

"काय चालू हाय?" त्यानं विचारलं.

"पोरी बसल्यात," महादेवीमावशी म्हणाल्या. "रांगेत. एक हिकडं तोंड करून, एक तिकडं. एक पळून राहिली. आता ती बसली. आता दुसरीच उठली! हे काय हाय रे आनंदा, चोर-पोलीस?"

"मावशी, बसलेल्यांचे कपडे कोणते? निळे का पिवळे?"

"निळे."

"मंग आपलं आक्रमण हाय. आपल्या पोरी मारणार, पिवळ्या पळणार. जी उठून पळून राहिली तिच्या पाठीवर नंबर कितीचा?"

"अगं बाई, थांबतीय कुठं ती नंबर दाखवायला!"

गाडीतल्या बाया खो खो हसल्या. आनंदराजला हसू येईना. त्याच्या डोक्यामागं हातभर अंतरावर त्याची पोरगी राज्याची फायनल खेळत होती आणि त्याच्यासमोर होता उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्यांचा, डोलत चाललेला.

"सात नंबर!" उमादेवीनं सांगितलं. "सात नंबर उठली दादा!"

"तीच! तीच हाय माझी! कुठं हाय? खांबाकडं चालली का मधी?"

"खांबाकडं. पिवळी पोरगी खांबाला धरून... अय्यय्यो!" महादेवीमावशींनी दोन्ही हात डोक्यावर मारले. "पडली! तुझी पोर पडली रे आनंदा!"

"पडली का सूर मारला? हात पुढं होते का?"

"हात पुढं होते."

"शिट्टी वाजली?"

"वाजली की. पिवळी बाहेर चालली."

"आवं मावशी, ती पडली न्हाई! तिनं सूर मारून गडी बाद केला!" आनंदराजनं हॉर्नवर थाप मारली. पुढचा ट्रॅक्टरवाला दचकून बाजूला झाला आणि क्रूझर पुढं निघाली.

तिथून गाडीचा रंगच पालटला. आनंदराज विचारायचा, बाया सांगायच्या, आणि त्यांच्या तुटक बोलण्यातून तो मैदान उभं करायचा. कोण कोणत्या चौकोनातून उठली, तोंड कुणीकडं होतं, पिवळीनं वळण घेतलं का, एवढं कळलं की पुढं काय होणार ते तोच आधी सांगायचा. "आता खो मिळणार बघा," तो म्हणायचा, आणि मागून "मिळाला, मिळाला!" असा ओरडा व्हायचा. नऊ मिनिटांत नांदेडनं पाच गडी बाद केले.

मग धाराशिवचं आक्रमण सुरू झालं. आता निळ्या पोरी पळणार होत्या. तीन-तीनच्या तुकड्या मैदानात उतरतात आणि लुंबिनी पहिल्याच तुकडीत होती. आता आनंदराजला बोलणंही सुचेना. तो नुसता "पुढं? पुढं?" म्हणत राहिला.

"मधून निसटली. परत मधून. ती लांब पोरगी तिच्या मागं हाय, लई जोरात," महादेवीमावशी सांगत होत्या. "ओडु, ओडु गं पोरी! पळ!"

तेवढ्यात उमादेवीला राहवलं नाही. तिनं आपल्या मोबाईलवर तेच चित्र लावलं आणि हात लांब करून आनंदराजच्या डाव्या खांद्यावरून पुढं धरलं.

"दादा, एकदाच बघा. नुसतं एकदा. काय पळून राहिली तुमची लेक!"

डोळ्याच्या कडेला निळं काहीतरी थरथरलं. मान अर्धा इंच वळवली असती तर ती दिसली असती. समोर गाव आलं होतं. रस्त्याच्या कडेला दोन म्हशी उभ्या होत्या, त्यातल्या एकीनं पुढचा पाय डांबरावर ठेवला होता.

"मागं घ्या ते," आनंदराज म्हणाला.

"आवं पण एकदाच..."

"उमाताई, मागं घ्या!" तो ओरडला. म्हैस रस्ता ओलांडून गेली. मग तो हळू आवाजात म्हणाला, "माझी लेक हाय ती. एकदा दिसली ना, तर मी पुन्हा रोडकडं बघणारच न्हाई. तुम्ही सांगा. तुम्ही सांगितलेलं चांगलं दिसतंय मला."

उमादेवीनं मोबाईल काढून घेतला. महादेवीमावशींनी घसा साफ केला आणि पहिल्यापेक्षा दुप्पट जोरात सांगायला सुरुवात केली. आता त्यांना 'खांब', 'खो', 'तुकडी' सगळं यायला लागलं होतं. लुंबिनी तीन मिनिटं दहा सेकंद पळाली आणि मग बाद झाली. डाव संपला तेव्हा पाच-पाच अशी बरोबरी.

शिरूर ताजबंद गेलं. गाडी मोठ्या रस्त्याला लागली. मध्यंतर संपून नांदेडचं दुसरं आक्रमण सुरू झालं, आणि दोन मिनिटांतच पडद्यावर गोल गोल चक्र फिरायला लागलं.

"अडकलं!"

"माझ्यात बी अडकलं," उमादेवी म्हणाली.

मागच्या बायांनी आपापले मोबाईल काढले. सगळीकडं तेच चक्र. कुणी मोबाईल खिडकीबाहेर धरला, कुणी छताला टेकवला. आनंदराजच्या पायाला वाटलं, दाबावा ॲक्सिलरेटर, पुढच्या टॉवरपर्यंत उडवावी गाडी. काटा साठवर होता. त्यानं तो साठवरच ठेवला, पण दात एकमेकांवर घट्ट आवळले गेले.

तेव्हा तारामतीताईंचा साधा बटणांचा फोन वाजला. मुखेडहून पंचफुला बोलत होती. तिच्या घरी सगळी गल्ली जमली होती आणि तिथं चित्र नीट दिसत होतं.

"ह्यांना फोन देऊ नका हां ताई, तुम्हीच सांगा," पंचफुला म्हणाली. पुढचं सगळं ताई तिच्या मागोमाग मोठ्यानं म्हणत गेल्या. "सात झाले... आठ... थांबा, फाऊल. न्हाई, फाऊल न्हाई, त्यांनी नुसती दाद मागितली व्हती... आठच... नऊ! नऊ झाले दादा! तुमच्या लेकीनं दोन मारले!... वेळ किती हाय गं पंचफुला? अर्धा मिनिट... दहा! दहा झाले!"

दहा-पाच. आता धाराशिवला शेवटच्या नऊ मिनिटांत सहा गडी बाद केले तरच जिंकता येणार होतं.

"व्हतंय आपलं," मागून कुणीतरी म्हणालं.

"न्हाई," आनंदराज म्हणाला. "त्या पोरींना सहा म्हंजे काहीच न्हाई."

चाकूर जवळ आलं तेव्हा चित्र पुन्हा सुरू झालं होतं आणि त्याचं म्हणणं खरं ठरत होतं. नांदेडची पहिली तुकडी चार मिनिटांच्या आतच संपली. दहा-आठ. दुसऱ्या तुकडीत लुंबिनी, तिची मैत्रीण शिफा आणि आणखी एक मुलगी मैदानात उतरल्या. अजून पाच मिनिटं बाकी होती. आणि नेमकं तेव्हाच, रस्त्याच्या कडेला पांढरी जीप दिसली आणि तिच्यापुढं हवेत हलणारी लाल झेंडी.

आनंदराजनं ती लांबूनच पाहिली. इंडिकेटर लावला, गाडी डांबरावरून पार खाली घेतली, हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं.

"आता काय?" महादेवीमावशी कळवळल्या. "आताच काय ह्यांचं?"

वर्षाराणी मॅडम खिडकीशी आल्या. आनंदराजला त्यांनी लगेच ओळखलं. गाडीच्या आत दहा बाया एकाच वेळी ओरडत होत्या, त्यांच्याकडं त्यांनी एकदा पाहिलं.

"स्क्रीन कुठं आहे?"

"मागं घेतली, मॅडम."

"उतरा."

तो उतरला. मॅडम स्वतः त्याच्या सीटवर चढल्या. सरळ पुढं पाहिलं, वरच्या आरशात पाहिलं, दोन्ही बाजूच्या आरशांत पाहिलं, मान जरा तिरकी करून पाहिलं. पाठीमागून महादेवीमावशी त्यांच्या कानात ओरडल्या, "एक गेली! एक गेली गं बाई!"

मॅडम दचकल्या. "काय गेली?"

"मॅडम, खोखोची फायनल चालू हाय," तारामतीताई म्हणाल्या. "राज्याची. ह्या दादांची लेक खेळून राहिली. जांबपास्नं आम्ही सांगून राहिलोत आणि हे ऐकून राहिलेत. एकदा बी मान वळवली न्हाई माणसानं."

मॅडम खाली उतरल्या. कागद पाहिले, परत दिले. "चालकाला दिसत नाही. ठीक आहे. जाऊ शकता."

आनंदराज यांत्रिकपणे दाराकडं वळला. त्याचा हात दाराला लागला तेव्हा तारामतीताईंनी आतून दार धरून ठेवलं.

"कुठं निघालात? गाडी उभी हाय. इंजिन बंद हाय. आता बघा की!"

त्याला ते सुचलंच नव्हतं. गेला तासभर 'बघायचं नाही' हे त्यानं अंगात इतकं भिनवून घेतलं होतं, की उभ्या गाडीत बघता येतं हेच तो विसरला होता. त्यानं मॅडमकडं पाहिलं.

"मी काय सांगू?" त्या म्हणाल्या. "गाडी रस्त्याच्या खाली आहे. बघा."

"पण ताई, तुमच्या चिठ्ठ्या..."

तारामतीताईंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. साडेपाच वाजून गेले होते. अजून पस्तीस-चाळीस किलोमीटर. त्या आतल्या नऊ जणींकडं वळल्या. कुणाचंच ताईंकडं लक्ष नव्हतं. "चार मिनिटं," ताई म्हणाल्या. "जागा कोपऱ्यातली मिळाली तर कोपऱ्यात विकू. या हिकडं."

आनंदराज वळसा घालून मधल्या दाराशी आला आणि त्यानं पडद्याकडं पाहिलं.

ती दिसली. निळा शर्ट, घट्ट बांधलेली वेणी, पाठीवर सात. घामानं केस कपाळाला चिकटलेले. दहा-नऊ झालं होतं. आणखी एक गडी गेला की बरोबरी. तीन मिनिटं चाळीस सेकंद. मैदानावर आता फक्त लुंबिनी आणि शिफा.

धाराशिवची ती लांब पोरगी शिफाला सोडून लुंबिनीच्या मागं लागली. लुंबिनी रांगेच्या कडेनं निघाली, डावीकडं झुकली, आणि आनंदराजच्या तोंडून निघून गेलं, "उजवीकडं!" ती उजवीकडं निसटली. बाया ओरडल्या. खो मिळाला. नवी पोरगी ताज्या दमाची. लुंबिनी दोघींच्या मधून पलीकडं. पुन्हा खो. पुन्हा मधून. असं ती पहाटे त्याच्याभोवती पळायची, पण ही चाल वेगळी होती. हिच्यात भीती नव्हती. समोरचीला ती जवळ येऊ द्यायची, अगदी बोट लागेल इतकी जवळ, आणि मग तिथं नसायचीच.

"दोन मिनिटं," उमादेवी म्हणाली.

रस्त्यापलीकडं मॅडमनी एक मालट्रक थांबवला होता. त्याची कागदपत्रं हातात घेऊन त्यांनी तिथूनच विचारलं, "किती राहिलं?"

"दोन मिनिटं, मॅडम!"

आता लुंबिनी दमली होती, हे फक्त आनंदराजला कळलं. दमली की ती उजवा हात कमरेला लावायची, क्षणभरच. तिनं हात लावला. "शिफाकडं दे गं," तो पुटपुटला, "जरा शिफाला ओढू दे." जणू ऐकल्यासारखी शिफा मध्ये घुसली, आक्रमक पोरगी तिच्यामागं गेली आणि लुंबिनीला वीस सेकंद श्वास मिळाला. मग पुन्हा तीच.

शेवटचं अर्धं मिनिट. लुंबिनी खांबाशी. लांब पोरगी समोरून आली, झेपावली, आडवी झाली, हात पुढं. शिट्टी वाजली.

"गेली का?" महादेवीमावशींनी विचारलं.

आनंदराजला काही दिसत नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी भरलं होतं. "बाहेर निघाली का ती? सांगा ना! निघाली का?"

"न्हाई," उमादेवी म्हणाली. "उभीच हाय. पंच हात असा दाखवून राहिलेत..."

"कसा?"

तिनं करून दाखवला. आनंदराजनं छताच्या कडेला मूठ मारली. "फाऊल! पाय लागला तिचा मधल्या पट्टीला! फाऊल हाय तो! जिती हाय माझी!"

फाऊल झाल्यानं आक्रमकाला उलट्या दिशेनं जावं लागलं. तेवढे सेकंद पुरले. शेवटची लांब शिट्टी वाजली तेव्हा लुंबिनी मैदानाच्या मधोमध उभी होती आणि चारी बाजूंनी निळ्या पोरी तिच्या अंगावर धावून येत होत्या. दहा-नऊ. एका गुणानं.

त्या गाडीत पुढची दोन मिनिटं काय झालं ते नीट सांगता यायचं नाही. दोन बाया डब्यांवर आदळल्या. महादेवीमावशी खाली उतरल्या आणि त्यांनी आनंदराजचे दोन्ही गाल धरून गदागदा हलवले. मालट्रकचा ड्रायव्हर काय झालं ते न कळताच टाळ्या वाजवत होता. आनंदराज गाडीला एक वळसा घालून आला, चारी टायरांवर एकेक लाथ मारून आला, आणि मग दार उघडून सीटवर बसला.

"थांबा," वर्षाराणी मॅडम म्हणाल्या. त्या पुन्हा खिडकीशी आल्या होत्या. "हात पुढं करा."

त्यानं केले. दोन्ही हात थरथरत होते.

"पाच मिनिटं बसून राहा. पाणी प्या. असे हात घेऊन मी गाडी सोडणार नाही."

"मॅडम, ह्यांच्या चिठ्ठ्या..."

"मॅडमचं बरोबर हाय," तारामतीताई म्हणाल्या आणि त्यांनी पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. मॅडम जाता जाता वळल्या. "मुलीचं नाव काय?"

"लुंबिनी."

"छान खेळली," त्या म्हणाल्या. मग रस्त्यावरून येणाऱ्या पुढच्या गाडीला त्यांनी झेंडी दाखवली.

आष्टामोड मागं पडलं, दिवस बुडाला, आणि लातूरच्या मैदानावर क्रूझर पोचली तेव्हा साडेसहा वाजत आले होते. तारामतीताई दार पूर्ण उघडायच्या आधीच उडी मारून मंडपाकडं पळाल्या, पदर खोचून, साठ-सत्तर बायांच्या गर्दीतून वाट काढत. चिठ्ठ्या काढणारे साहेबच अजून आले नव्हते. ते पावणेसातला आले, आणि ताईंच्या गटाला प्रवेशद्वारापासून तिसरा स्टॉल निघाला.

आनंदराज पोती उतरवत होता तेव्हा त्याचा फोन वाजला. त्यानं खांद्यावरचं पोतं खाली ठेवलं आणि फोन कानाला लावला. पलीकडं इतका गोंधळ होता की आधी काहीच ऐकू येईना.

"पप्पा! पप्पा, बघितलंत का?"

"शेवटची साडेतीन मिनिटं बघितली," तो म्हणाला. "त्याच्या आधीचं ऐकलं."

"ऐकलं? कोणाकडून? कॉमेंट्री तर नव्हती!"

"हाय एक मावशी. तुझी भेट घालून देतो." तो पोत्यावर टेकला. "लई भारी पळालीस, बाळा. डावीकडं झुकलीस तवाच मला कळलं, तू उजवीकडं जाणार..."

"तुम्हाला कळलं, पण तिला न्हाई कळलं!" लुंबिनी हसत सुटली. मग मागून कुणीतरी तिला हाक मारली. "पप्पा, उद्या सकाळी रेल्वेनं नांदेडला येतोय आम्ही. सर म्हणतेत, गाडी मिळंल का मुखेडपर्यंत?"

उद्या सोमवार होता. सकाळी एक भाडं ठरलेलं होतं, पण ते दुसऱ्या कुणाला देता आलं असतं.

"किती जणी हाईत?"

"आम्ही चौघी. पण बाकीच्या बी म्हणून राहिल्यात की मुखेडला यायचं, आईच्या हातचं जेवायचं. समद्या धरून पंधरा. आणि सर."

आनंदराजनं क्रूझरच्या मागच्या सीटांकडं पाहिलं.

"दोन खेपा करतो," तो म्हणाला. "कप सांभाळून आणा फक्त."